मोजणीकाका आणि तीन मजली कबर

जमिनीवर पाय ठेवून चालणारी माणसं आपल्याकडे रगड आहेत. पण जमिनीला विश्वासात घेऊन चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. सरावलीत त्यांच्या आणि आमच्या घरांच्या मध्ये मेंदीचं कुंपण आहे. ते सरळ आहे. म्हणजे तुमच्याआमच्या घरचं असतं तसं सरळ नव्हे. दर मे महिन्यात दोन टोकांना खुंट्या ठोकून, मध्ये सुतळी ताणून, एक डोळा मिटून सरळ केलेलं सरळ. एकदा त्यातली एक फांदी पावसाळ्यात जोर धरून आमच्या बाजूला वाकली, तर हे गृहस्थ सकाळी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे. म्हणाले, "सर, आमच्या एका फांदीनं आपल्या हद्दीत अतिक्रमण केलंय. आपली हरकत नसेल तर काढून घेतो." मी म्हटलं, राहू द्या की, बिचारी फांदी आहे. ते गंभीरपणे म्हणाले, "सगळी अतिक्रमणं फांदीएवढीच असतात सुरुवातीला."

यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतला एकही बांध असा नाही ज्यावरून ते टेप घेऊन गेले नाहीत. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण अजून लहानथोर त्यांना मोजणीकाकाच म्हणतात. त्यांचं खरं नाव फक्त काकूंना ठाऊक असावं, आणि त्या त्यांना 'अहो' म्हणतात.

काकांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं. निवृत्तीनंतर ते गुडघेदुखीमुळे सव्वादोन झालं, तेव्हा त्यांनी ही दुरुस्ती आम्हा सगळ्यांना घरोघर येऊन कळवली होती. रस्त्यात भेटले तर नमस्कार करत नाहीत, कारण तोंडानं मोजणं चालू असतं. "तीनशे बारा," असं म्हणून हात वर करतात आणि पुढे जातात. मग आपण समजायचं की घरापासून इथवर तीनशे बारा पावलं झाली, आणि काका खुशाल आहेत. आमच्या वास्तुशांतीला आलेल्या लोकांनी रंगाचं कौतुक केलं, फरशीचं केलं, काकांनी जिलबी खाता खाता चारी भिंतींवर नजर फिरवली आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "कोणाला बोलू नका, पण तुमचा हॉल काटकोनात नाही." मी कोणाला बोललो नाही. पण त्या दिवसापासून मला सोफा तिरका दिसतो. दोनदा सरकवून पाहिला. तो तिरकाच आहे.

माणसांची ओळखही ते जमिनीसारखीच करून देत. कोणीही समोर आलं की त्याची चतुःसीमा सांगायची. "हे आपले चिकूवाले. यांच्या पूर्वेला थोरला भाऊ, पश्चिमेला ओढा, उत्तरेला सासरा, आणि दक्षिणेला वाद." माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमवायला आम्ही एका घरी गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून काकांना बरोबर नेलं होतं. बाकीच्यांनी मुलाचं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. काकांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "घराच्या मागच्या बाजूला कोण आहे?" मुलाचे वडील म्हणाले, कोणी नाही, मोकळं मैदान आहे. काका म्हणाले, "मोकळं काही नसतं. कोणाचं तरी असतं." पण लग्न जमलं, आणि बहीण सुखात आहे, हे सांगायला हवं.

काकू या माणसाबरोबर त्रेचाळीस वर्षं कशा राहिल्या हे एक कोडं आहे. त्या डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातल्या. उंचनिंच, आवाज खणखणीत. समुद्रावरून बोललेलं बंदरात ऐकू जावं असा. अजूनही हंगामात भावाकडून ओले बोंबील आणतात आणि अंगणात बांबूच्या दांड्यांवर वाळत घालतात. काकांनी एकदा त्या दांड्यांवर खडूनं वीतवीतभर अंतरावर खुणा करून ठेवल्या, की प्रत्येक बोंबलाला सारखी हवा मिळावी. काकूंनी ते पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि कुंपणापलीकडून मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "बोंबील सुकायला ऊन लागतं, नकाशा नाही लागत."

अशा या माणसाला परवाच्या वर्षी स्कॉटलंडला जावं लागलं. त्यांची एकुलती एक मुलगी तिकडे समुद्रकाठच्या एका लहानशा गावात रुग्णालयात नर्स आहे. तिला बाळ झालं, म्हणून काकाकाकू सहा महिन्यांसाठी निघाले. काकूंनी स्टीलच्या डब्यात सुका जवळा भरला, वर प्लॅस्टिकची पिशवी, वर कापड, वर पुन्हा डबा. काकांनी दोन गोष्टी घेतल्या: लोकरीची कानटोपी आणि तीस मीटरची टेप. विमानतळावर तपासणीत जवळ्याचं कोणी काही विचारलं नाही. टेप मात्र बाहेर काढायला लावली. "हे कशाला?" असं तिथल्या माणसानं विचारलं, तर काका म्हणाले, "सवय आहे."

पहिले पंधरा दिवस आमच्या गल्लीच्या ग्रुपवर बाळाचे फोटो आले. सगळ्यांनी अंगठे दाखवले. सोळाव्या दिवशी एका कबरीचा फोटो आला. मग रोज येऊ लागला. सकाळी कोणी फुलं पाठवतंय, कोणी देव पाठवतंय, आणि दुपारी शेवाळलेला एक दगड, वर कवटी कोरलेली, खाली काकांचं टिपण: 'सहा फूट बाय तीन फूट. पूर्वाभिमुख.' लोक घाबरले. औषधाच्या दुकानवाल्यानं मला अडवून विचारलं, "सर, काकांची तब्येत बरी आहे ना? परदेशात माणूस एकटा पडतो." एकानं तर ग्रुप सोडला. मी फोन करावा म्हणत होतो, तोवर काकांचाच आला. माझी शाळा तलासरीला. मधली सुट्टी म्हणजे तिकडची सकाळ. मी डबा उघडून बसलो होतो.

"सर," काकांचा आवाज आनंदानं चिरकला होता, "इथे उभे पोटहिस्से आहेत!"

मला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याकडे भावाभावांत जमीन वाटली की तिचे आडवे तुकडे पडतात, ते पोटहिस्से. तिकडच्या जुन्या कबरस्तानात एका कुटुंबाला एकच जागा, एका माणसाच्या लांबीरुंदीची. पहिला जो जाईल त्याच्यासाठी खड्डा खूप खोल खणायचा. दुसरा गेला की त्याच्यावर. तिसरा त्याच्याही वर. "तीन मजली, सर! तळमजल्याला आजोबा, पहिल्यावर आजी, दुसऱ्यावर बिनलग्नाची आत्या. आणि दगड एकच. त्याच्यावर सगळ्यांची नावं, नात्यासकट, खाली मोकळी जागा सोडलेली. प्रत्येक जागेला नंबर, नंबरचा कागद घरात, त्याची नोंद दप्तरात, कोण किती खोलीवर आहे तेसुद्धा! आपला सातबारा यापुढे काहीच नाही. आपल्याकडे जिवंत माणूस कुठे राहतो ते सापडत नाही."

खरी गोष्ट अशी होती की त्या गावात काकांना करण्यासारखं काही नव्हतं. बाळ काकूंच्या ताब्यात होतं. बाहेर थंडी. ओळखपाळख नाही, भाषा तोडकीमोडकी. घरापासून चारशे सत्तर पावलांवर हे कबरस्तान. चारी बाजूंना दगडी भिंत, आत ओळी, ओळींना क्रमांक. त्या परक्या गावात त्यांना भेटलेली ती पहिली ओळखीची गोष्ट असावी. ते रोज न्याहारी करून, कानटोपी घालून तिथे जायला लागले. तिथला राखणदार, गवत कापणारा एक मोठ्या दाढीचा माणूस, आधी संशयानं पाहायचा; मग काकांनी एका कबरीवरचा चिकट काटेरी वेल काढून, दगड पुसून, मोजून त्याला दाखवला, तेव्हापासून तो त्यांना जुन्या गोष्टी सांगू लागला. त्यातल्या निम्म्या काकांना कळत आणि निम्म्या ते मला मधल्या सुट्टीत सांगत.

पूर्वी म्हणे तिकडे डॉक्टरी शिकणाऱ्यांना चिरफाडीसाठी प्रेतं लागत, आणि चोर ताज्या कबरी उकरून ती विकत. म्हणून घरचे लोक भिंतीलगतच्या छोट्या दगडी बुरुजात आळीपाळीनं पहारा देत. कोणी कबरीवर लोखंडी पिंजरा बसवून कुलूप घालत आणि काही आठवड्यांनी, आतल्याचा कोणाला उपयोग उरला नाही म्हणजे, काढून नेत. काका म्हणाले, "मेलेल्या माणसाला कुलूप, सर. आणि आमच्या जावयाची सायकल दारात उघडी."

एकदा त्यांनी लांबून एक दफन पाहिलं. शवपेटी खाली सोडायला दोऱ्या असतात, आणि कोणी कोणती दोरी धरायची याचं कार्ड घरच्यांना आधी देतात. पेटीचं चित्र, त्याच्याभोवती आकडे. डोक्याशी एक नंबर, पायाशी अमुक नंबर. काका त्या मयताला ओळखत नव्हते, पण त्यांचे डोळे भरून आले. "नकाशा छापून देतात, सर," ते म्हणाले. "अंत्यविधीचा नकाशा." मागून काकूंचा आवाज आला, "आपल्याकडे खांद्यावरनं भांडणं होतात, त्यापेक्षा बरंय की!" काकूंना आधी हे कबरींचं खूळ मुळीच पसंत नव्हतं, पण तो राग हळूहळू उतरत होता. बाळाला गाडीत घालून त्याही अधूनमधून जायच्या. कित्येक दगडांवर समुद्रात बुडालेल्या माणसांची नावं होती. देह सापडलेला नाही, खाली ते नाहीतच, पण घरच्यांच्या ओळीत नाव आहे. लेकीनं ते वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी चपला काढल्या आणि हात जोडले. मच्छीमाराच्या घरात वाढलेल्या बाईला त्याहून जास्त अर्थ सांगावा लागला नाही.

तिथे दर गुरुवारी एक म्हातारबाई यायच्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात काठी, डोक्याला रुमाल. कोणत्याच दगडापाशी न जाता नुसत्या गवतात उभ्या राहायच्या; कधी इथे, कधी चार पावलं पलीकडे. काकांना ते पाहवेना. माणूस उभा आहे आणि त्याची जागा नक्की नाही, ही गोष्ट त्यांना नोकरीला लागल्यापासून सहन होत नाही. एका गुरुवारी लेकीला सवड होती, तिला घेऊन गेले आणि विचारायला लावलं. म्हातारबाई म्हणाल्या, माझे आईवडील इथे कुठेतरी आहेत. दगड माझ्या लहानपणी पडला, वर माती चढली, गवत आलं. कागद आहे, नंबर आहे, पण नंबरावरची जागा जुळत नाही. त्यांचं लग्न झालं नव्हतं, भावंडं नव्हती. तीनजणांची जागा, दोन भरलेल्या. तिसरी त्यांची. ती सापडली नाही तर मग पलीकडच्या नव्या मैदानात, अनोळखी लोकांत. त्या हसून म्हणाल्या, "सबंध आयुष्य एकटीनं काढलं, त्याचं काही वाटलं नाही. नंतर मात्र मला आईजवळ असायचं आहे."

काका त्या रात्रीपासून जेवेनात असं काकू सांगतात. काका म्हणतात, जेवत होतो पण लक्ष नव्हतं. राखणदाराकडून त्यांनी जुन्या नकाशाची प्रत मिळवली. तीन दिवस थंडीवाऱ्यात टेप धरून ते आणि टेपचं दुसरं टोक धरून काकू, शाल डोक्यावरून घेतलेल्या, एका हातानं बाळाची गाडी हलवत. पहिल्या दिवशी जुळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी काका भिंतीच्या कोपऱ्यात खाली बसले आणि एकदम ओरडले. कबरस्तानातला रस्ता नकाशात अरुंद होता आणि प्रत्यक्षात रुंद. कधीतरी रस्ता वाढवला होता आणि सगळेजण नंबर मोजताना नव्या कडेपासून मोजत होते. काकांनी दोन जुने दगड धरून माप टाकलं, पाच फूट अलीकडे सरकले, टाच रोवली आणि म्हणाले, "हियर." त्यांच्या इंग्रजीतला तो सर्वांत आत्मविश्वासाचा शब्द होता.

राखणदारानं लोखंडी सळई गवतात खुपसली. खण्ण वाजलं.

म्हातारबाईंना बोलावून आणलं. दुधावरची साय उचलावी तशी राखणदारानं गवतासकट माती अलगद बाजूला केली, पाणी ओतून दगड धुतला. त्या गुडघ्यांवर बसल्या, ओल्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं: वडिलांचं नाव, मग 'आणि त्यांची पत्नी', मग आईचं नाव. त्याखाली गुळगुळीत मोकळा दगड. त्यावर त्यांनी तळहात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. काकूंनी थर्मासमधला चहा त्यांना दिला. दोघी शेजारी बसून न कळणाऱ्या भाषांत अर्धा तास बोलल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारबाई केक घेऊन घरी हजर. काकू मला फोनवर म्हणाल्या, "काय सांगू सर, मरायची जागा मिळाली म्हणून केक वाटते ही बाय! आणि तोंडावर आनंद तर असा, जशी नवीन घरात राहायला चाललीय."

केक खाता खाता काकांना राहवेना. त्यांनी लेकीला विचारायला लावलं, की दगडावर वडिलांचं आडनाव एक आणि आईचं दुसरंच, हा घोळ कसा? लेक लाजली, पण म्हातारबाई मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडची जुनी रीत आहे. बाई सासरी कोणत्याही नावानं वावरो, दगडावर जन्माचं नाव येतं. माती जिला घेते ती आधी कोणाची तरी मुलगी असते. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या आईचं काय होतं?"

"लक्ष्मी," काका म्हणाले.

"लग्नाआधीचं?"

दोन तालुक्यांतल्या प्रत्येक गटाची चतुःसीमा तोंडपाठ असलेल्या या माणसाकडे ही एक नोंद नव्हती. त्यांची आई ते सहा वर्षांचे असताना गेली. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. जुनं नाव काय होतं ते वडिलांनी कधी सांगितलं नाही, आणि यांनी कधी विचारलं नाही. पुढचा तुकडा त्यांनी खाल्ला नाही, असं काकू सांगतात.

काका परत आले तेव्हा गल्लीला वाटलं होतं चॉकलेटं मिळतील. चॉकलेटं मिळाली, पण प्रत्येकाला एक प्रश्नही मिळाला. "तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय?" रेशनच्या रांगेत विचारलं, लग्नाच्या पंगतीत विचारलं, दाढी करता करता न्हाव्याला विचारलं. औषधवाला म्हणाला, "काका, चौकशी कसली आहे ही? पासपोर्टची?" आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा लोक घडाघडा सांगत, आजीपाशी अडखळत. कोणी म्हणे, आम्ही तिला मोठी आई म्हणायचो. कोणी म्हणे, ती आमच्या काकाची आई. मी मराठीचा शिक्षक; मी तरी काय सांगणार? मी आत्याला फोन करून विचारलं आणि मग छाती काढून काकांना जाऊन सांगितलं.

स्वतःच्या आईचं मात्र कोणाला विचारायचं? त्या पिढीतलं घरात कोणी उरलं नव्हतं. माहेर झाईचं, एवढंच माहीत. काकांनी आजोळच्या जमिनीचे जुने उतारे काढले. त्यात मामांची नावं होती, मामांच्या मुलांची होती. जुन्या काळी वारसांत मुलींची नावं बहुतेक घालतच नसत. काका तो कागद हातात घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, असले कागद मी हजारांनी वाचले असतील. हद्द बघायचो, क्षेत्र बघायचो. यात कोणी राहून गेलंय, असं एकदाही मनात आलं नाही." त्यांना चिडवायची माझी नेहमीची सवय, पण त्या दिवशी मी तो कागद घेऊन त्यातली नावं पुन्हा एकदा वाचून काढली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं झाईला गेलो. काका, काकू आणि मी. तलासरी तालुक्याचा तो समुद्राकडचा शेवटचा कोपरा, पलीकडे गुजरात. तिथली माणसं बोलता बोलता कधी मराठीतून गुजरातीत जातात ते त्यांनाही कळत नाही. काकांनी दारोदार चौकशी सुरू केली, पण ती त्यांच्या पद्धतीनं. "उत्तरेला विहीर, दक्षिणेला खळं, असं एक घर होतं का?" लोक डोकं खाजवत. विहीर बुजली होती, खळ्यावर गाळे उभे होते. मामांची मुलं कधीच वापीकडे पोटापाण्याला गेलेली. दोन तास असे गेल्यावर काकूंनी काकांना एका ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही घर शोधताय. म्हातारी शोधा."

त्यांनी स्वतःच शोधली. एका दारात सुपात जवळा निवडत बसलेली, पार वाकलेली, कानानं कमी. काकूंनी तिच्या पुढ्यात फतकल मारली, सुपातला जवळा निवडायला लागल्या आणि मग कानाशी तोंड नेऊन विचारलं. म्हातारीनं काकांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दिवाळीचा काय रे तू?"

"नाही आजी," काका म्हणाले. "लक्ष्मीचा."

"लक्ष्मी ती तुमच्याकडे," म्हातारी म्हणाली. "आमची दिवाळी. दिवाळीच्या सणाला झालेली म्हणून दिवाळी. मी तिच्या मागची, चुलत बहीण. आम्ही एका पाटीत जेवलोय. बेस, बेस, भाय," म्हणत तिनं शेजारची जागा हातानं झाडली. "कपाळ तिचंच आणलंस."

मग तिनं सांगितलं. दिवाळी पोहण्यात पोरांना मागे टाकायची. शिट्टी वाजवायची, दोन बोटं तोंडात घालून, आणि त्यावरून आईचा मार खायची. लग्न ठरलं त्या दिवशी म्हणाली होती, तिकडे शिट्टी वाजवू देतील का गं? काका ऐकत होते. सहाव्या वर्षापासून त्यांच्याकडे आईची एकच आठवण होती: आजारपणातली, भिंतीकडे तोंड करून झोपलेली. त्यांनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली आणि माझ्याकडे वळले.

"सर, दिवाळीतली दि पहिली की दुसरी?"

"पहिली, काका."

त्यांनी लिहिलं. ज्या हातानं आयुष्यभर एक रेघ चुकली नाही, त्या हाताची पहिली वेलांटी पार वरच्या ओळीत गेली.

आता आईचं नाव सापडलं म्हटल्यावर काकांना दगड हवा होता. घराच्या मागच्या अंगणात, पूर्वाभिमुख, साडेतीन फूट उंच, वर सगळ्यांची नावं, बायकांची दोन्ही, खाली मोकळी जागा. नकाशासुद्धा तयार झाला. भाऊबंदांनी ऐकल्यावर हात जोडले. एक चुलतभाऊ म्हणाला, "आपल्यात माणूस जाळतात, राख समुद्रात सोडतात. दगडाखाली ठेवणार काय तू?" काकू म्हणाल्या, "आणि मोकळी जागा दाखवून मला रोज घाबरवणार काय?" काका आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. रस्त्यात पावलांचे आकडेसुद्धा सांगेनात, तेव्हा आम्हाला काळजी वाटली. मग एक दिवस त्यांनी तो नकाशा घडी करून ठेवून दिला. "दगड पडतात," एवढंच म्हणाले.

सर्वपित्रीला आम्ही दोघं सकाळी डहाणूच्या किनाऱ्यावर तर्पणाला गेलो. बरीच मंडळी होती, गुरुजींना घाई होती. ते एकेकाला नाव विचारत आणि पुढे सरकत. काकांपाशी आले.

"मातेचं नाव?"

"लक्ष्मी. आणि दिवाळी."

"एकच सांगा, काका. दोन बायका नाहीत ना त्या?"

"एकच बाई आहे," काका म्हणाले. "पण नोंद अर्धी झाली होती. दोन्ही घ्या."

गुरुजींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दोन्ही नावं घेतली. काकांनी ओंजळीतलं पाणी सोडलं, नंतर पुन्हा एकदा ओंजळ भरली आणि तीही सोडली. गुरुजी तेव्हा पुढच्या माणसाकडे गेले होते.

काकू आमच्याबरोबर आल्या होत्या, पण लांब होड्यांच्या बाजूला गेल्या होत्या. तिथे मासे विकणाऱ्या ओळखीच्या बायका होत्या. आम्ही ओल्या वाळूवरून त्या दिशेनं निघालो. भरती चढत होती. काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या. काका थांबले, त्यांनी घसा साफ केला आणि हाक मारली.

"जमना!"

मला वाटलं, एखादी मासेवाली असेल. काकूंचं नाव सुनंदा आहे, हे मला त्यांच्या रेशनकार्डावरून माहीत होतं.

"जमनाऽ!"

होड्यांजवळच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. काकूंनी पाहिलं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्रेचाळीस वर्षांपूर्वी मांडवात तांदळावर अंगठीनं सुनंदा हे नवीन नाव लिहिलं गेलं होतं, ते याच काकांनी लिहिलं होतं. आणि त्या दिवसापासून त्यांनी नवंही कधी उच्चारलं नव्हतं, जुनंही नाही. 'अगं' या एका शब्दावर संसार झाला होता.

"जमनाऽऽ!" तिसऱ्या हाकेला काकांचा आवाज फाटला.

काकू बोलता बोलता थांबल्या. लगेच वळल्या नाहीत. आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, मग हळूहळू मागे पाहिलं. आमच्याकडे नाही, आमच्याही मागे, जणू हाक मारणारं माणूस आणखी लांब कुठेतरी असणार. तिथे कोणी नव्हतं. मग त्यांची नजर काकांवर आली.

जवळ आल्यावर म्हणाल्या, "काय झालं?"

काकांनी पुढचा विचार केलेला नव्हता. "काही नाही," ते म्हणाले. "नुसतंच."

"घरी मारू नका हां अशी हाक. लोक हसतील."

"नाही मारत."

काकूंनी हातातली टोपली काखेला लावली आणि आमच्या पुढे चालू लागल्या. पंधरावीस पावलं तशाच गेल्या. मग समुद्राकडे बघत, मान न वळवता, त्या एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईनं जेमतेम ऐकू येईल असं म्हटलं, "इथं मारली तर चालेल."